हत्तीरोग, मेडिकल बोर्डाचा शेरा आणि अपंगत्वाची टक्केवारी: माजी सैनिकाने काय करावं?

माणदेशी_लेक
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या वडिलांचा, अण्णांचा आहे. १९८८ ची भरती, हवालदार म्हणून २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये घरी आले. गाव माण तालुक्यात, जिल्हा सातारा. नोकरीतली बरीच वर्षं विदर्भात पुलगावला आणि नंतर बिहारमध्ये दानापूरला गेली.
२००६ पासून डावा पाय सुजायला लागला. मध्येच थंडी वाजून ताप यायचा, जांघेत गाठ यायची, पाय लालभडक व्हायचा. एमएचमध्ये, म्हणजे लष्करी दवाखान्यात, दोनदा भरती होते. निदान झालं हत्तीरोग, मग लो मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीचा खालचा दर्जा. निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाने, म्हणजे लष्करी डॉक्टरांच्या समितीने, अपंगत्व ३० टक्के, कायमस्वरूपी, असं लिहिलं. पण पुढच्या रकान्यात 'सेवेमुळे झालेला नाही, सेवेने वाढलेलाही नाही'. कारण एका ओळीचं: आजार सेवेबाहेर जडलेला. पेन्शनचा दावा फेटाळल्याचं पत्र आलं आणि अण्णांनी ते ट्रंकेत टाकलं. अपील केलंच नाही.
आता घोट्याजवळ घड्या पडल्यात, चप्पलसुद्धा बसत नाही. माझे दोन प्रश्न आहेत. इतक्या वर्षांनी काही करता येईल का? आणि ३० टक्के हा आकडा तरी बरोबर आहे का?

सुभेदार_निवृत्त
ताई, आधी अण्णांना माझा जय हिंद सांगा.
त्या बोर्डाची पूर्ण प्रत तुमच्याकडे आहे का? फेटाळल्याचं पत्र वेगळं आणि बोर्डाची कार्यवाही वेगळी. एएफएमएसएफ-१६ नावाचा फॉर्म असतो. त्यात आजार कधी आणि कुठे सुरू झाला, तेव्हा पोस्टिंग कुठे होतं, भरतीच्या वेळी तो होता का, हे सगळं वेगवेगळ्या रकान्यांत भरलेलं असतं. कित्येकदा पहिल्या पानावर 'सुरुवात: २००६, दानापूर' आणि शेवटच्या पानावर 'सेवेशी संबंध नाही' असं एकाच कागदावर सापडतं. मी युनिटमध्ये हेड क्लार्क होतो, असे कागद डोळ्यांखालून गेलेत. अण्णांच्या सहीने रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नाही मिळाली तर माहिती अधिकारात मागा.
दुसरं, ३० टक्क्यांचे ३० राहत नाहीत. ५० च्या खालचं अपंगत्व ५० धरतात, ५० ते ७५ चं ७५, त्यावरचं १००. आधी हा फायदा फक्त आजारपणामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने राम अवतार प्रकरणात पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही तो मान्य केला.
हिशोब असा: १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम. समजा पगार ३०,००० होता, तर १०० टक्क्यांना ९,०००, आणि ५० धरले तर ४,५००. महागाई भत्ता त्यावर वेगळा. नेहमीची पेन्शन चालू राहते, हे तिच्या वर मिळतं.

शिवारातला
वाचतोय. आमच्या चुलत्यांचं असंच प्रकरण आहे, पण मलेरियाचं.

वर्धेची_डॉक्टर
मी विदर्भात सरकारी दवाखान्यात काम करते, हत्तीरोगाचे पेशंट रोज बघते. आजार कसा चालतो ते आधी सांगते, कारण बोर्डाच्या त्या एका ओळीचं उत्तर त्यातच आहे.
वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी नावाचा जंत क्युलेक्स डासातून शरीरात जातो. हा डास गटारात आणि साचलेल्या घाण पाण्यात वाढतो. मोठे जंत लसिकावाहिन्यांत (शरीरातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) वर्षानुवर्षं जगतात आणि त्यांची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्री रक्तात फिरतात. म्हणून तपासणीचं रक्त रात्री घेतात. एका चावण्याने सहसा हा रोग होत नाही, अशा भागात बराच काळ राहून पुन्हा पुन्हा डास चावावे लागतात. सूज दिसेपर्यंत काही वर्षंही जातात.
आता दोन गोष्टी. पाय सुजलेल्या कित्येक पेशंटच्या रक्तात जंतुपिल्लं सापडतच नाहीत, कारण तोवर जंत मेलेले असतात आणि मागे उरतं ते वाहिन्यांचं नुकसान. तेव्हा 'रक्त निगेटिव्ह' असा कागद असेल तर घाबरू नका, त्याने निदान खोटं ठरत नाही. आणि पुलगाव वर्धा जिल्ह्यात येतं. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा जुना हत्तीरोगाचा पट्टा आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत या रोगावर वर्षानुवर्षं संशोधन झालंय ते उगाच नाही. बिहारबद्दल तर बोलायलाच नको. हा माणूस नोकरीची वर्षं देशातल्या दोन मोठ्या हत्तीरोग पट्ट्यांत काढून आला आणि आजार 'सेवेबाहेर जडला' हे कशावरून? किमान कारण तरी लिहायला हवं होतं.

स्पष्ट_बोलतो
सगळ्यांची सहानुभूती योग्य आहे, पण दुसरी बाजूही बघू. माणला लागून सोलापूर जिल्हा आहे आणि सोलापूर राज्याच्या हत्तीरोगग्रस्त यादीत आहे. अण्णा दरवर्षी सुट्टीवर गावी येतच असणार. डास काय गणवेश बघून चावतो का? विदर्भातल्या लाखो शेतमजुरांना हाच रोग आहे, त्यांना कोण टक्केवारी देतं? अपंगत्वाची पेन्शन सीमेवर गोळी लागलेल्यासाठी असावी असं माझं प्रामाणिक मत आहे.

कोल्हापूरचा_वकील
@स्पष्ट_बोलतो, तुमचा सुट्टीचा मुद्दा नियम करणाऱ्यांच्याही डोक्यात होता, म्हणून त्याचं उत्तर नियमातच आहे.
२००८ चे एन्टायटलमेंट रूल्स, म्हणजे अपंगत्व पेन्शनचा हक्क ठरवणारे नियम, अण्णांना लागू होतात, कारण निवृत्ती २०१२ ची. त्यांत संसर्गजन्य आजारांबद्दल स्वतंत्र तरतूद आहे. सेवेत असताना झालेला संसर्ग, लैंगिक संबंधांतून आलेला सोडून, सेवेमुळे झालेला धरायचा. भरतीपूर्वी किंवा सुट्टीत जडल्याची शक्यता असेल तर त्या रोगाचा सुप्तकाळ (लागण ते पहिलं लक्षण यातला काळ) बघून वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरवायचं. म्हणजे 'सुट्टीत झाला असेल' एवढं म्हणून चालत नाही. सुप्तकाळ किती, सुट्टी कधी, लक्षणं कधी, ही जुळणी कागदावर दिसली पाहिजे. १९८८ ला भरती झालेल्या माणसाला २००६ ला पहिली सूज आली तर भरतीपूर्वीचा संसर्ग ओढूनताणूनच सिद्ध करावा लागेल. सुट्टीचं म्हणाल तर वर्षातले दोन महिने गावात आणि दहा महिने पुलगाव-दानापुरात. शक्यता कुठे जास्त हे कुणीही सांगेल.
याशिवाय धरमवीर सिंह विरुद्ध भारत सरकार, २ जुलै २०१३ चा निकाल. तो जवान १९८५ ला सिग्नल्समध्ये भरती झाला, १९९४ ला फिट्सच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्वासह घरी पाठवला गेला आणि आजार जन्मजात प्रकृतीचा म्हणून पेन्शन नाकारली. कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी तपासणीत आजार नोंदवलेला नाही, तर माणूस तेव्हा निरोगी होता असं मानायचं. तेव्हा आजार सापडणं शक्य नव्हतं असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याची कारणं बोर्डाने द्यायची. सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही आणि शंकेचा फायदा त्याला. तो निकाल १९८२ च्या नियमांवर आहे आणि २००८ चे नियम भाषेत जास्त कडक आहेत, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण कारण न देता मारलेला शेरा दोन्हींत टिकायला अवघड.

सुभेदार_निवृत्त
@स्पष्ट_बोलतो साहेब, गोळी लागलेल्याचा मान वेगळा आहेच, त्याला वॉर इंज्युरी पेन्शन वेगळी आणि जास्त मिळते. इथे मागणं तेवढं नाही. पण शेतमजूर आणि जवान यांत एक फरक आहे. कुठे राहायचं हे जवान ठरवत नाही. पोस्टिंग ऑर्डर आली की बिस्तरा बांधायचा. रात्री दोन वाजता डेपोच्या कुंपणाला ड्युटी, बाजूला नाला, मच्छरदाणी बराकीत. शेतमजुरालाही मिळायला पाहिजे, हे मात्र शंभर टक्के मान्य.

स्पष्ट_बोलतो
शेवटच्या वाक्यावर आपण एकत्र आलो. सुप्तकाळाची तरतूद मला नवीन होती. माझा विरोध 'कुठलाही आजार सेवेच्या नावावर' या वृत्तीला आहे, अण्णांना नाही.

तोफखाना_नाशिक
परजीवींचं बोलणं चाललंय म्हणून माझी गोष्ट सांगतो. मला हत्तीरोग नाही, मेंदूत फीतकृमीच्या अळीची गाठ. न्यूरोसिस्टिसर्कोसिस. लाइन एरियात, म्हणजे जवानांच्या बराकींत, फिट आली, एमआरआय केला, गाठ दिसली. पुढे ती कॅल्शियमची होऊन बसली आणि गोळ्या कायमच्या झाल्या. ड्रायव्हिंग बंद, हत्यार बंद, उंचावरची पोस्टिंग बंद. घरचे म्हणाले, आपण माळकरी, डुकराचं मांस कधी खाल्लं? पण ही गाठ मांसाने होतच नाही. त्या जंताची अंडी अस्वच्छ पाण्यातून किंवा न धुतलेल्या कोशिंबिरीतून पोटात गेली की होते. आता मला सांगा, दोन दशकं तिन्ही त्रिकाळ लंगरात, म्हणजे लष्कराच्या स्वयंपाकघरात, जेवलेला माणूस अंडी कुठून गिळणार?
माझ्या बोर्डाने 'फिट्सचा आजार' एवढंच शीर्षक लिहिलं. मूळ कारण परजीवी आहे हे शीर्षकात आलंच नाही, त्यामुळे संसर्गाची तरतूद लागू करण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. अपिलात एमआरआयचा अहवाल लावला आणि आजाराचं पूर्ण नाव लिहिलं, तेव्हा फाईल हलली. ताई, तुमच्या कागदावर निदान नेमकं कसं लिहिलंय ते बघा. नुसतं 'डाव्या पायाची सूज' असेल तर डिस्चार्ज समरी शोधा.

वर्धेची_डॉक्टर
@तोफखाना_नाशिक, फार मोलाचं सांगितलंत. दोन दशकं आत राहिलेल्या माणसाला संसर्ग नेमका कुठल्या ताटातून झाला हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणूनच तर नियमात गृहीतक ठेवावं लागतं.

नाव_नको
हा प्रतिसाद वेगळ्या आयडीने देतोय, समजून घ्या. हत्तीरोग म्हटलं की सगळ्यांना पाय आठवतो. पुरुषांमध्ये अंडवृद्धी, हायड्रोसिल, हे त्याचं फार मोठं रूप आहे. मला ते सेवेत असतानाच झालं होतं. लाजेपोटी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलोच नाही. रोल कॉलला उभं राहणं, पीटी, सगळं ढिली चड्डी आणि गप्प तोंड यावर काढलं. निवृत्तीनंतर ऑपरेशन झालं, आता बरा आहे. पण सेवेतला एकही कागद नाही, त्यामुळे दाव्याचा विषयच संपला.
इथे कोणी नोकरीतला पोरगा वाचत असेल तर एवढंच सांगतो, पहिल्या दिवशी एमआय रूमच्या रजिस्टरमध्ये नोंद करून घे. डॉक्टरने असे शेकडो बघितलेले असतात.

सुभेदार_निवृत्त
बरं केलंत लिहिलंत, भाऊ.

शिवारातला
धाडसाने लिहिलंत. माझ्या चुलत्यांना हाच प्रतिसाद वाचून दाखवला.

जर्सीची_वहिनी
मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. इथली पद्धत तुलनेसाठी सांगते.
व्हीए, म्हणजे इथलं माजी सैनिकांचं खातं, त्याच्या टक्केवारीच्या तक्त्यात परजीवी रोगांचे स्वतंत्र क्रमांक आहेत: मलेरिया, काळा आजार, हत्तीरोग, शिस्टोसोमायसिस. २०१९ मध्ये संसर्गजन्य रोगांचा भाग सुधारला. बहुतेकांत तत्त्व असं की रोग सक्रिय असताना १०० टक्के, आणि तो शांत झाल्यावर मागे जे नुकसान उरलं त्याचं ज्या त्या अवयवाच्या तक्त्याने मोजमाप. हत्तीरोगात लसिकेची सूज, वाहिन्यांचा अडथळा ही नावं त्यातच घेतलेली आहेत.
सेवेशी संबंध जोडायलाही यादी आहे. उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत हत्तीरोग आहे, निवृत्तीनंतर वर्षभरात ठरावीक प्रमाणात दिसला तर सेवेतला धरतात. आखाती युद्ध आणि अफगाणिस्तानात गेलेल्यांसाठी २०१० मध्ये नऊ संसर्गांची यादी झाली. त्यातल्या काळ्या आजाराला तर मुदतच नाही, कारण तो कितीही वर्षांनी उफाळू शकतो. दुसऱ्या महायुद्धात सामोआ आणि आसपासच्या बेटांवर हजारो अमेरिकी सैनिकांना हत्तीरोगाची लागण झाली होती, तिथले लोक त्याला 'मुमू' म्हणत.
इथे सगळं आलबेल आहे असं नाही, लोक वर्षानुवर्षं अपिलात अडकतात. पण 'सक्रिय' आणि 'उरलेलं नुकसान' हे वेगळं काढलेलं मला योग्य वाटतं. आपल्या बोर्डात हत्तीरोगाचा पाय एका सकाळी, तोही विश्रांतीनंतर, बघितला जातो. रात्रभर पाय उंचावर ठेवला की सुरुवातीच्या टप्प्यात सूज बरीच उतरते. वर्षातून तीन-चार वेळा आठवडाभर ताप येऊन माणूस आडवा होतो, ते त्या सकाळी दिसणार कसं?

वर्धेची_डॉक्टर
@जर्सीची_वहिनी, हेच मला म्हणायचं होतं. या रोगात माणसाला सगळ्यात जास्त पाडतात ते ॲटॅक. त्वचेच्या भेगांतून जिवाणू शिरतात, ताप येतो, पाय पेटतो आणि प्रत्येक ॲटॅकनंतर सूज थोडी वाढूनच थांबते. आम्ही सुजेचे सात टप्पे मोजतो. पहिल्यात रात्रभरात सूज उतरते, दुसऱ्यात उतरत नाही, पुढे घड्या, गाठी, आणि सातव्यात माणूस स्वतःची रोजची कामंही करू शकत नाही. घड्या पडल्यात म्हणजे अण्णा २०१२ च्या पुढे गेलेले असणार.
माणदेशी_लेक, टक्केवारीचं जे व्हायचं ते होवो, पाय आजपासून सांभाळा. रोज साबण-पाण्याने धुवा, बोटांमधली जागा कोरडी करा, भेगांना मलम लावा, रात्री पाय उशीवर, घोट्याचे व्यायाम, मऊ उघडी चप्पल. एवढ्याने ॲटॅक खूप कमी होतात. सरकारी दवाखान्यात टब, मग, साबण, टॉवेल, मलमाचं किट मिळतं, मागून घ्या. ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) पॉलिक्लिनिकमध्येही दाखवा.

नागपुरी_संत्रं
थोडं अवांतर. २०१९ मध्ये आमच्या नागपूर जिल्ह्यात तीन औषधांची मोहीम झाली: डीईसी, अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन. देशात पहिल्या काही जिल्ह्यांत आमचा नंबर होता. आशाताई दारात उभ्या राहून समोर गोळी गिळायला लावतात. आमचे काका म्हणाले, 'ठेवून जा, जेवून घेतो.' ताई म्हणाली, 'मग मी पण जेवूनच जाते.' काकूने खरंच ताट वाढलं, आणि काकांना गोळ्या घ्याव्या लागल्या!
गमतीचा भाग सोडा, पण ज्या कॅन्टोन्मेंटच्या आसपास मोहीम होते तिथल्या जवानांनीही गोळ्या घ्याव्यात. २०२७ पर्यंत रोग हटवायचं सरकारचं लक्ष्य आहे.

शिवारातला
काकूंना नमस्कार. आमच्याकडेही गोळ्या माळ्यावर पडून असतात.

कोल्हापूरचा_वकील
२०२७ वरून मूळ धाग्यावर येतो, कारण अण्णांसाठी ते साल वेगळ्या अर्थाने महत्त्वाचं आहे.
२००८ च्या नियमांत असं आहे की एरवी दावेदाराला हक्क सिद्ध करायला सांगायचं नाही, पण निवृत्तीनंतर १५ वर्षं उलटल्यावर दावा केला आणि तोवर सेवेचे कागद मुदतीप्रमाणे नष्ट झाले असतील, तर भार दावेदारावर येतो. अण्णांची १५ वर्षं नोव्हेंबर २०२७ ला पुरी होतात. त्यांचा दावा २०१२ लाच फेटाळला गेलाय, म्हणजे दावा वेळेत झालेला आहे, असं आम्ही म्हणूच. पण कागदच नष्ट झाले तर युक्तिवाद कशावर करणार? म्हणून प्रती आधी हातात घ्या.
मग पहिलं अपील. ते सहा महिन्यांत करायचं असतं, तो काळ केव्हाच गेला, तरी उशीर माफ करण्याच्या विनंतीसह पाठवा. सहा महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर मुंबईतलं सशस्त्र दल न्यायाधिकरण, महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यासाठी तेच आहे. पेन्शन हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय मानतात, त्यामुळे उशिरामुळे दावा बुडत नाही. थकबाकी मात्र सहसा अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे थांबलेला प्रत्येक महिना कायमचा जाऊ शकतो.
२१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम आहेत, त्यांची गणितं वेगळी. त्या लोकांनी हा सल्ला जसाच्या तसा उचलू नये.

माणदेशी_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. ट्रंक उघडली. फेटाळल्याचं पत्र आणि एमएचची एक डिस्चार्ज समरी मिळाली. निदानात हत्तीरोग स्पष्ट लिहिलाय, तारीख २००६ ची, युनिटचा पत्ता दानापूरचा. बोर्डाची प्रत नाही, तिच्यासाठी अर्ज लिहिलाय. अण्णा म्हणतात, 'सरकारशी भांडायचं नाही.'
एक विचारायचं राहिलं. पाय आता २०१२ पेक्षा वाईट आहे. मग ३० वरच अडकायचं का?

सुभेदार_निवृत्त
ताई, अण्णांना सांगा, अपील करणं म्हणजे भांडण नाही. नियमाने दिलेली पायरी आहे. मी स्वतः फोनवर बोलतो त्यांच्याशी, तुमची परवानगी असेल तर. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहून देणारी माणसं असतात, साताऱ्याला एकदा जाऊन या. डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ही समरी बरोबर न्या.

कोल्हापूरचा_वकील
३० वर अडकायचं नाही, पण क्रम पाळा. आधी हक्क मान्य होऊ दे, म्हणजे 'सेवेमुळे' हा शेरा. तो मिळाला की ३० चे ५० मागता येतात. टक्केवारी कायमस्वरूपी धरली तरी जवान स्वतः फेरतपासणी मागू शकतो. न्यायाधिकरणही आदेशात नवीन मेडिकल बोर्ड बसवायला सांगू शकतं. ५० किंवा त्याच्या पुढे गेलात तर ७५ चा टप्पा लागतो, म्हणून पुरावा आत्तापासून जमवा. दोन्ही मागण्या एकाच अर्जात कालवल्या तर उत्तर फक्त टक्केवारीवर येतं आणि मुख्य मुद्दा बाजूला पडतो.

वर्धेची_डॉक्टर
पुरावा म्हणजे काय ते मी सांगते. दर महिन्याला एकाच वेळी, संध्याकाळी, दोन्ही पायांचा घेर टेपने मोजा: घोटा, पोटरी, गुडघ्याच्या वर. तारखेसह वहीत लिहा. ॲटॅक आला की त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन केसपेपर काढा, घरी पॅरासिटामॉल देऊन निभावू नका. किती दिवस आडवे होते तेही कागदावर यायला हवं. टप्पा कितवा हे डॉक्टरकडून लिहून घ्या, नुसतं 'सूज आहे' नको. आणि बोर्डाच्या दिवशी अण्णांना सांगा, पाय चांगला दिसावा म्हणून पट्टी बांधून, आवरून जाऊ नका. बरेच जुने जवान तसं करतात.